फ्लॉपीवरचं कुंकू

आमच्या कंपनीचा पहिला कॉम्प्युटर मी बंद पाडला. ही गोष्ट मी चार वर्षं कोणालाही सांगितली नाही. ज्या माणसाला ती सगळ्यांत आधी सांगायला हवी होती, त्याला तर तीनदा तोंडावर 'काही नाही केलं' असं सांगितलं. त्या वेळी मी अडतीस वर्षांचा होतो, दोन मुलींचा बाप होतो. न कळण्याचं वय होतं असं मला म्हणता येत नाही.

तो माणूस म्हणजे आमच्या कंपनीचा इलेक्ट्रिशियन. हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कन्व्हेयरचे रोलर बनवायचा कारखाना होता. तिथे सगळे त्यांना मिस्त्रीजी म्हणत. मीही इथे तेच म्हणतो. त्यांचं नाव एकदा माझ्यामुळे खराब झालं आहे, ते पुन्हा मी वापरू नये असं मला वाटतं.

मिस्त्रीजी तेव्हा पंचावन्नच्या घरात होते. अंगानं बुटके, अंगात खाकी हाफ शर्ट, खिशात एक टेस्टर आणि एक पेन्सिल. घर तांडापेठेत. वडील हातमागावर लुगडी विणायचे. कंपनीची बस होती, पण मिस्त्रीजी तिच्यात आठच दिवस बसले.

"गेअरबॉक्स रडून राहिला," ते ड्रायव्हरला रोज सांगायचे, "अन् आपण पंचेचाळीस जणं त्याच्यावर बसून राहिलो."

ड्रायव्हर शेवटी म्हणाला, "मिस्त्रीजी, एक तर तुम्ही चालवा, नाही तर गप बसा."

मिस्त्रीजींनी सायकल घेतली. सहा महिन्यांनी अंबाझरी तलावाजवळ गेअरबॉक्स गेला आणि आम्ही बाकीचे चव्वेचाळीस जण पायी निघालो. थोड्या वेळानं मागून मिस्त्रीजींची सायकल आली. ते खाली उतरले आणि सायकल हातात धरून कारखान्यापर्यंत आमच्याबरोबर चालत आले. त्या दिवशी त्यांचाही अर्ध्या तासाचा खाडा लागला.

मशीन बंद पडली की बाकीचे मिस्त्री आधी ती उघडतात. मिस्त्रीजी आधी स्टूल मागवत. मशीनसमोर स्टूल ठेवून दहा मिनिटं नुसते बसत. लांब पेचकसाचं टोक मशीनला लावून मूठ कानाला लावत आणि ऐकत. मग मशीन सोडून तिच्यावर काम करणाऱ्याकडे वळत. "हं. काल का केलं होतं?"

"काहीच नाही केलं, मिस्त्रीजी. आपोआप बंद पडली."

"काही हरकत नाही. मंग शेवटचं चांगली कवा चालली, थे सांग."

त्यांचं म्हणणं असं की आधी माणूस तपासावा, मग मशीन. मशीन खोटं बोलत नाही, कारण तिला बोलता येत नाही. माणसाला येतं. यासाठी त्यांनी एक शंभर पानी वही ठेवली होती. प्रत्येक पानावर मधोमध रेघ मारलेली. डावीकडे मथळा 'सांगितलं' आणि उजवीकडे 'निघालं'. त्यातल्या काही नोंदी मी स्वतः वाचलेल्या आहेत. सांगितलं: आपोआप बंद पडली. निघालं: चहा. सांगितलं: हात नाही लावला. निघालं: हात. सांगितलं: कालपर्यंत बरोबर होती. निघालं: परवापासून.

मी एकदा विचारलं, "लोकांची खोटी बोलणी कशाला लिहून ठेवता?"

ते म्हणाले, "खोटं बोलला म्हून नाही लिहून राहिलो गा. कोनत्या खोट्याच्या मांग कोनता बिघाड असते, थे पाहून राहिलो. 'आपोआप' म्हटलं का बहुतेक पानी असते. 'हात नाही लावला' म्हटलं का पेच ढिला असते."

या वहीत आमच्या फॅक्टरी मॅनेजरचीही एक नोंद होती. आम्ही त्यांना साहेब म्हणायचो. मे महिन्यात साहेबांच्या केबिनमधला कूलर रोज दुपारी तीनच्या सुमारास बंद पडायचा आणि साडेतीनला सुरू व्हायचा. साहेबांनी नवा कूलर मागवायचा ठरवला. मिस्त्रीजी म्हणाले, आधी मी बसतो. ते दोन दुपारी साहेबांच्या टेबलासमोर स्टूल टाकून बसले. साहेबांनी पहिल्या दिवशी खूप फायली वाचल्या. दुसऱ्या दिवशी त्यांना डुलकी लागली, पाय लांब झाले आणि बुटाच्या टोकानं भिंतीतला प्लग ढिला केला; रोज जाग आल्यावर पाय मागे गेले की तो पुन्हा टेकत असणार. मिस्त्रीजींनी उठून प्लग नीट बसवला, बोर्ड एक फूट वर घ्यायला सांगितलं आणि वहीत लिहिलं. सांगितलं: कूलर जुना झाला. निघालं: साहेबांची झोप.

ही नोंद त्यांनी कोणाला दाखवली नाही. पण वही टेबलावर उघडी ठेवायची त्यांची पद्धत होती.

त्यानंतरच्या वर्षी कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी स्टोअरच्या कोपऱ्यात काचेची केबिन बांधली आणि एसी बसवला. चपला बाहेर काढून आत जायचं असा नियम झाला. मी सोळा वर्षं टायपिस्ट होतो, म्हणून साहेबांनी मला आठ दिवसांच्या ट्रेनिंगला पाठवलं आणि परत आल्यावर कॉम्प्युटरसमोर बसवलं. मला त्याची भीती वाटायची. टाइपरायटरचं अक्षर दाबलं की दांडा उठताना डोळ्यांना दिसतो. इथे काहीच दिसत नव्हतं. सकाळी पहिली फ्लॉपी आत सरकवायची, बटण दाबायचं, मग आतून किर्र असा आवाज, एक टक् आणि पडद्यावर हिरवी अक्षरं. त्या एका फ्लॉपीशिवाय कॉम्प्युटर जागाच होत नसे. तो टक् ऐकू येईपर्यंत मी श्वास रोखून बसायचो. तीन महिने रोज.

मिस्त्रीजींना केबिनमध्ये यायची परवानगी नव्हती. ते काचेबाहेर उभे राहून पाहायचे. काही सकाळी कॉम्प्युटर सुरू होता होता मध्येच विझायचा. मी घामाघूम व्हायचो. एका सकाळी त्यांनी काचेवर टकटक केली आणि विचारलं, "किती वाजले?"

"नऊ आणि दोन मिनिटं."

"उद्या पावणेनऊले चालू करजो."

दुसऱ्या दिवशी तो नीट सुरू झाला, तिसऱ्या दिवशीही. शेजारच्या ओतकाम कारखान्याची भट्टी बरोबर नऊला पेटायची आणि त्या क्षणी आमच्याकडचा व्होल्टेज खाली बसायचा. हे मिस्त्रीजींनी काचेबाहेरून, ट्यूबलाइट मंद होताना पाहून ओळखलं होतं. साहेब खूश झाले. त्यांनी मिस्त्रीजींना केबिनमध्ये यायची परवानगी दिली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "दिवाळीनंतर तुम्हाला मेंटेनन्सचा फोरमन करतो. कॉम्प्युटरही तुमच्याकडेच."

मिस्त्रीजी त्या दिवशी सायकलवर बसले नाहीत. गेटपर्यंत हातात धरून नेली आणि वॉचमनला दोनदा सांगितलं, "कॉम्प्युटर माह्याकडं आला."

मग खांडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे सगळ्या मशिनी धुऊनपुसून त्यांची पूजा होते. लेथला हळदकुंकू, प्रेसला नारळ, क्रेनला झेंडूचा हार. आदल्या दिवशी मिस्त्रीजींनी साहेबांना विचारून कॉम्प्युटरचं झाकण उघडलं, रंगाच्या ब्रशनं धूळ काढली, झाकण बंद केलं आणि सुरू करून दाखवला. तो उत्तम चालला. पूजेसाठी साहेबांचा हुकूम होता की केबिनमध्ये हळद, कुंकू, उदबत्ती काहीही न्यायचं नाही. हार दाराच्या मुठीला घालायचा, बस.

सोळा वर्षं मी माझ्या टाइपरायटरच्या रोलरला खांडेनवमीला कुंकू लावत आलो होतो आणि त्यानं मला कधी दगा दिला नव्हता. ज्या मशीनची मला सगळ्यांत जास्त भीती वाटते, नेमकी तिचीच पूजा होणार नाही, हे मला सहन झालं नाही. सगळे शेडमध्ये प्रसाद घेत होते तेव्हा मी ताटातलं चिमूटभर कुंकू कागदात घेतलं आणि केबिनमध्ये गेलो. बाहेरून लावलं तर दिसलं असतं. म्हणून विचार केला की हा जिथून जागा होतो तिथेच लावावं. फ्लॉपीच्या काळ्या पाकिटाला एक लांबट खिडकी असते, तिच्यातून आतली तपकिरी चकती दिसते. कुंकू ओलं केलं, करंगळीशेजारच्या बोटानं त्या खिडकीत एक टिकली लावली, हात जोडले, फ्लॉपी आत सरकवली आणि बटण दाबलं.

किर्र झालं. थांबून पुन्हा किर्र. मग टक्. अक्षरं आली नाहीत.

मी दुसरी, जपून ठेवलेली फ्लॉपी घातली. तीही तशीच गेली. मग पहिली रुमालानं पुसली. टिकलीचा लाल पट्टा झाला होता. ती मी डब्याच्या पिशवीत घातली आणि शेडमध्ये जाऊन प्रसाद घेतला.

दसऱ्याची सुट्टी झाली. त्यानंतर सकाळी पावणेनऊला मी सगळ्यांसमोर बटण दाबलं आणि कॉम्प्युटर सुरू होत नाही असं ओरडलो. ओरडणं चांगलं जमलं.

मिस्त्रीजी आले. स्टूल आलं. त्यांनी व्होल्टेज पाहिला, वायरी पाहिल्या, पेचकस कानाला लावून मला तीनदा चालू-बंद करायला लावलं. मग म्हणाले, "याच्यात जीव आहे. हा वाचाले पाहून राहिला, पन याले दिसून नाही राहिलं. डोळ्यात काही गेलं याच्या."

पेचकस कानाला लावून ते माझ्या कुंकवापासून चार बोटांवर आले होते.

"पूजेच्या दिवशी तू का केलं होतं?"

"काही नाही."

"आत काही सांडलं?"

"नाही, मिस्त्रीजी."

"कोनी आलतं? तुह्याशिवाय कोनी?"

"कोणी नाही. मीही काही नाही केलं."

त्यांनी ते डाव्या बाजूला लिहिलं. उजवी बाजू कोरी ठेवली. "सायेब, एक डाव उघडू द्या," ते म्हणाले, "थो वाचणारा डोळा पाहतो. अर्धा घंटा."

साहेब म्हणाले, "पूजेच्या आदल्या दिवशी उघडला होतात ना? त्याच्यानंतरच बिघडला."

"उघडल्यावर चालू करून दाखवला होता, सायेब."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "मिस्त्रीनं उघडला होता ना? तुझ्यासमोर?"

"हो," मी म्हणालो.

हा शब्द खरा होता. म्हणून तो उच्चारायला सोपा गेला.

साहेबांनी वही मागितली. आत काय लिहिलंय ते वाचता वाचता ते कूलरच्या पानावर पोचले. ते पान त्यांनी बराच वेळ वाचलं. मग वही स्वतःच्या ड्रॉवरमध्ये टाकली. ती पुन्हा कोणाला दिसली नाही.

मुंबईहून इंजिनिअर आला. त्यानं फ्लॉपी वाचणारा डबा अख्खाच बदलला, स्वतःची फ्लॉपी घालून कॉम्प्युटर सुरू केला, जुना पिशवीत टाकला आणि चहा पिता पिता म्हणाला, "किसी अनाडी ने खोला होगा." जुन्या डब्यात त्यानं डोकावूनही पाहिलं नाही. मिस्त्रीजी त्याच्या मागे गेटपर्यंत गेले. "एक डाव पाहू द्या फक्त. घेत नाही, पाहतो." इंजिनिअरला गाडी गाठायची होती.

दिवाळीनंतर फोरमन दुसराच झाला. मिस्त्रीजींना कारखान्याच्या मागच्या कुंपणाजवळच्या पंपहाऊसवर नेमलं. तिथे एक पंप होता आणि तो कधी बिघडत नसे. त्यांनी तक्रार केली नाही. मला भेटले की तेवढंच बोलायचे. "पाय गा, ब्रशचा एखादा केस राहिला असन का? का पेच कसताना वायर दाबल्या गेली?" पहिल्या वर्षी ते असं विचारायचे. दुसऱ्या वर्षी म्हणू लागले, "ब्रशचा केसच राहिला असन." तिसऱ्या वर्षी त्यांनी विचारणं सोडून दिलं. स्वतःच्याच हातावर त्यांनी निकाल लावून टाकला होता, आणि माझ्या एका वाक्यानं तो फिरला असता. मी दर वेळी म्हणायचो, "जाऊ द्या हो, मिस्त्रीजी."

माझ्या घरी वेगळाच प्रकार झाला होता. ती फ्लॉपी मी ट्रंकेत कपड्यांखाली लपवली होती. बायकोला ती सापडली. काळं चौकोनी पाकीट, मध्ये गोल भोक आणि कुंकू लावलेलं. तिला वाटलं ऑफिसच्या पूजेतलं काही यंत्र असेल. तिनं ती देवघरात अन्नपूर्णेच्या शेजारी ठेवली. "अहो, कुंकू लावलेली वस्तू कोनी ट्रंकेत ठेवते का?" असं वर मलाच ऐकवलं. पुढची तीन वर्षं मी रोज आंघोळ करून त्या फ्लॉपीसमोर हात जोडायचो, कारण नाही जोडले तर कारण सांगावं लागलं असतं. शेवटी एका गणपतीत तिनं जुन्या तसबिरींबरोबर ती फुटाळा तलावात विसर्जित केली. मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहायला हवं.

मिस्त्रीजी अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात स्टाफतर्फे मी बोललो. भाषणात 'प्रामाणिक' हा शब्द मी तीन वेळा वापरला. टाळ्या पडल्या. मिस्त्रीजींनी माझ्याकडे पाहून हात जोडले.

त्यानंतर काही महिन्यांनी आमचा मिक्सर बंद पडला. बायकोनं मला न सांगता तो मिस्त्रीजींच्या घरी नेला. पूर्वी त्यांच्या ओसरीवर गल्लीतले रेडिओ, इस्त्र्या, पंखे रांगेनं ठेवलेले असत, हे तिला ठाऊक होतं. ती मिक्सर तसाच परत घेऊन आली.

"का झालं?" मी विचारलं.

"म्हणाले, वहिनी, दुसऱ्याकडं न्या, माह्या हातानं आता बिघडते. अहो, पेचकस हातात घेतला, मिक्सरवर टेकवला अन् नुसते बसून राहिले. हात थरथरत नव्हता काही. पन पेच फिरवला नाही. एवढ्या मोठ्या माणसाले का झालं असन हो?"

मी त्या रविवारी सकाळी तांडापेठेत गेलो. ओसरी रिकामी होती. मिस्त्रीजी पेपर वाचत होते. त्यांच्या पत्नीनं मला खुर्ची दिली आणि चहा ठेवायला आत गेल्या. मी बसलोच नाही. उभ्या उभ्या सांगितलं की कॉम्प्युटर मी बिघडवला होता, फ्लॉपीला कुंकू लावून.

मिस्त्रीजींनी पेपर खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. "वहिनींनी सांगितलं असन घरी. तू मले समजावून राहिला."

"नाही, मिस्त्रीजी. खरंच."

"फ्लॉपी कुठं हाय?"

"फुटाळ्यात."

"पाय, थेबी नाही," ते म्हणाले. त्यांचा विश्वास बसला नव्हता. माझ्याकडे पुरावा नव्हता, आणि चार वर्षांपूर्वी याच माणसाला मी तोंडावर तीनदा खोटं बोललो होतो. माझ्यावर विश्वास ठेवायचं त्यांना कारणच नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, "कोरडं का ओलं?"

"ओलं."

"तेलानं?"

"पाण्यानं."

"कुठं लावलं? मधच्या भोकापाशी?"

"खिडकीत. जिथून तपकिरी चकती दिसते तिथे."

ते खुर्चीत पुढे सरकले. "आवाज कसा आला? सायेबापुढचा नको सांगू. पयला. तू एकटा असतानाचा."

"किर्र झालं. थांबून पुन्हा किर्र. मग टक्."

त्यांनी डोळे मिटले. ओठांची हालचाल झाली, जणू तो आवाज ते स्वतःशी पुन्हा वाजवून पाहत होते. "दुसरी फ्लॉपी टाकली?"

"टाकली. तीही गेली."

"जाईनच. डोळ्यालेच चिकटलं होतं थे. जे आत जाईन थे खरवडून काढन." त्यांनी डोळे उघडले आणि आत ओरडले, "अवं, ऐकलं का वं? थो कॉम्प्युटर कुंकवानं गेला होता! केस नव्हता ब्रशचा. वायरबी नव्हती दबली!"

त्यांच्या पत्नी चहाचे कप घेऊन दारात आल्या. "थोच कॉम्प्युटर? ज्याच्यापायी तुमची झोप गेली थो?"

"थोच. कुंकू!" मिस्त्रीजी हसत होते. मी त्यांना चार वर्षांत हसताना पाहिलं नव्हतं. मग त्यांनी आपला उजवा हात वळवून पाहिला, तळवा आणि पाठ दोन्ही, आणि तो पुन्हा मांडीवर ठेवला. हसणं हळूहळू थांबलं.

"स्पिरिट अन् कापूस," ते म्हणाले. "पाच मिन्टाचं काम होतं. कोनाले समजलंबी नसतं. मी सायेबाले सांगितलं असतं, धूळ होती म्हून. मले काहून नाही सांगितलं गा?"

याचं उत्तर मी पाठ करून गेलो होतो. नोकरी, मुली, साहेबांचा स्वभाव, सगळं क्रमानं. ते सगळं मी बाजूला ठेवलं. त्यांच्या पत्नी कप हातात धरून तिथेच उभ्या होत्या. मी त्यांच्यासमोरच बोललो.

"कुंकू मी अजाणता लावलं, मिस्त्रीजी. पण साहेबांनी विचारलं तेव्हा हो म्हणालो ते अजाणता नव्हतं. तेवढ्यानं माझी सुटका होते हे मला कळत होतं. तुमच्या हातात काही खोट नव्हती हे कंपनीत एकट्या मला माहीत होतं, आणि तुम्ही दर वेळी विचारलं तेव्हा मी जाऊ द्या म्हणत राहिलो. माझं चुकलं. मला माफ करा."